साडूच्या गाडीचा मागचा आवाज

अण्णा, गेल्या रविवारी मी तुमची गाडी जागच्या जागी बसवली. तीही आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरीच्या नव्याकोऱ्या गाडीला अगदी आडवी. झालं असं, की मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यातलं तेल कसं दिसतंय ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी जुना बनियन चढवून गाडीखाली शिरलो आणि खालचा बोल्ट खोलला. तेल काकवीसारखं सावकाश खाली आलं. मग वरचा बोल्ट, ज्यातून नवं तेल भरायचं तो, खोलायला गेलो. तो हलेना. जोर लावला, पाना सटकला आणि बोल्टाचे कोपरे झिजून तो बोरासारखा गोल झाला. आता जुनं तेल परातीत, नवं तेल डब्यात, आणि मधे तुमची गाडी, कोरडी ठणठणीत. आधी वरचा बोल्ट निघतोय का ते बघायचं आणि मगच खालच्याला हात लावायचा, हे अ‍ॅक्सलच्या कारखान्यात उभी हयात घातलेल्या माणसाला माहीत असायला हवं. मला माहीत होतंच. घाई नडली.

‘परात’ म्हटलेलं तुमच्या लक्षात आलं असेल. पुरणाची. नंदाच्या माहेरची. घाईत तीच हाताला लागली.

त्या तेलाचा वास तुम्हाला ठाऊक आहे. लिफ्टबरोबर तो मजल्यामजल्यांवर फिरून आला. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून खाली आले आणि म्हणाले, “राव, तुम्ही कंपनीत पण असंच काम करता का?” मी गाडीखालूनच “नाही” म्हणालो. गाडीखालून बोलणाऱ्या माणसाचं काय कुणी ऐकतं?

पण लाज त्याची नाही वाटली अण्णा. लाज वाटली ती परातीकडे बघून. उन्हाची तिरीप पडली होती आणि त्या काळ्या तेलात चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक फिरत होती. लोखंडाचा कीस. म्हणजे आतले दात झिजत होते. म्हणजे इतकी वर्षं मी जे म्हणत होतो तेच खरं होतं. मी गाडीखाली आडवा पडल्या पडल्या मोठ्यानं म्हणालो, “बघा! म्हटलं नव्हतं?” आणि मला आनंद झाला. खरंच झाला. क्षणभरच, पण चांगला मनापासून. मग ध्यानात आलं की ज्यांना ‘बघा’ म्हणतोय त्यांचा दहावा होऊन गेलाय.

आपलं नातं साडूचं. दोघांनी एका घरच्या दोन बहिणी केल्या, तुम्ही कुसुमताई आणि मी नंदा, एवढंच त्याचं भांडवल. तुम्ही मोशीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे गाववाले. मी अंबाजोगाईकडून पोटामागं आलेला, चाकणच्या कंपनीत लागलेला. लग्नाच्या मांडवात तुम्ही मला पहिलं वाक्य ऐकवलंत ते अजून आठवतं: “पाव्हणं, थोरली मी नेली, आता धाकटीचं तुमी बघा. तक्रार करायची न्हाई. दुकान एकच हाय.” मी तेव्हा हसलो नाही. तुमच्या तोंडाकडे बघून हे गंमत करतायत की दम देतायत ते कळत नव्हतं. पुढंही फारसं कळलं नाही.

माझं काम तुम्हाला कधी पटलं नाही. आमच्याकडे तयार झालेला अ‍ॅक्सल बंद खोलीत फिरवतात, मी तिथं बसून त्याचा आवाज ऐकतो आणि ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ ठरवतो. तुम्ही चारचौघांत सांगायचात, “आमच्या साडूला कंपनी ऐकायचा पगार देती. घरी मातर बायकोचं ऐकत न्हाई.” लोक हसायचे. मला राग यायचा, कारण कान हीच माझी इस्टेट. आणि अशा माणसाला तुम्ही देहूरोडच्या एका फौजीकडून जुनी सात सीटची गाडी घेऊन पहिल्याच दिवशी फिरवायला नेलंत. निगडीच्या पुढं वेग आला आणि मागून सूर सुरू झाला. घूंऽऽ. रेस दिली की चढायचा, पाय काढला की उतरायचा. मी म्हणालो, “अण्णा, डिफरन्शियल गेलाय.”

तुम्ही आरशात न बघता म्हणालात, “टायर हाय.”

झालं. ते भांडण तिथं सुरू झालं. नातेवाइकांना वाटायचं आपण गंमत करतो. आपण गंमत करत नव्हतो. मी तुम्हाला समजावून सांगायचो की मागच्या दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गोळ्यात दोन दातेरी चाकं असतात, एक मोठं एक छोटं, त्यांचे दात खाल्ले गेलेत, दोन्ही बदला. तुम्ही म्हणायचात, “एकमेकांत घासून घासून बसल्यात ती. आता कशाला उचकटायची? आवाज करत्यात पन काम करत्यात. आपल्या दोघांसारखी.” मी म्हणायचो हा युक्तिवाद नाही. तुम्ही म्हणायचात, “मी कुठं म्हटलं हाय म्हनून?”

त्याच गाडीत तुम्ही माझ्या बापाला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आणलंत. मी शेजारी बसून झोपलो होतो, हे तुम्ही नंतर प्रत्येक लग्नात सांगितलंत. म्हातारा अर्धा बहिरा. पण नगरच्या अलीकडं त्यानं मागून विचारलं, “इमान चाललंय का रं वरून?” तुम्ही गाडी कडेला घेऊन हसलात. मग मला उठवून म्हणालात, “तुमच्या वडलांना बी ऐकू आलं. आता मान्य करतो, आवाज हाय. पन टायरचाच हाय.” त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. म्हाताऱ्याला आणल्याबद्दल. दर वेळी तोंड उघडलं की त्यातून डिफरन्शियलच बाहेर पडायचा.

शेवटचं बोलणंही त्यावरच. चाकण चौकात गाड्यांची रांग लागलेली, तुम्ही मला शिफ्ट सुटल्यावर घ्यायला आला होतात. मी पुन्हा सुरुवात केली. तुम्ही स्टेअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणालात, “आज दमलोय, पाव्हणं. पुढच्या रईवारी भांडू.” मी त्यावरही म्हणालो, “म्हणजे उत्तर नाही ना तुमच्याकडं?” त्या रविवारपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

आता दहाव्याचं सांगतो. तुम्ही तिथं होतात की नव्हतात हे मला माहीत नाही. असलात तर पुढचा भाग सोडून दिलात तरी चालेल.

इंद्रायणीच्या घाटावर गर्दी तुमच्या मानाला शोभेल अशी होती. प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. वॉर्डातले झाडून सगळे पुढारी, आणि ज्यांना पुढारी व्हायचंय तेही. निवेदक एकेकाचं नाव पुकारत होता. सगळ्यांनी तुम्हाला ‘हसतमुख’ म्हटलं. मी मनात म्हटलं, यांच्यापैकी कुणाचा या माणसाशी वाद झालेला दिसत नाही. मग तुमच्या पुतण्यानं पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरकून उभे राहिलो. कावळा येईना. झाडावर चार होते. बघत होते. एकही उतरेना.

पुतण्यानं हात जोडून सांगितलं, “अण्णा, काकूची काळजी करू नका.” कावळे जागचे हलले नाहीत. तुमची पल्लवी रडत रडत म्हणाली, “मी नोकरी सोडणार नाही, आईला सांभाळीन.” तरी नाही. तुमच्या भावानं बांधाचा विषय काढला, तेव्हा एक कावळा तर उडूनच गेला. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, “दर्भाचा कावळा करून टाकू का?” बायकांत कुजबुज सुरू झाली, काहीतरी अडकलंय, काहीतरी इच्छा राहिलीय. आणि कुणीतरी म्हणालं, “गाडीचं काहीतरी चाललं होतं बघा, साडूबरोबर.”

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. मला सकाळपासून चहासुद्धा मिळालेला नव्हता, पोटात कावळे होते ते वेगळेच, आणि दुपारच्या शिफ्टला चाकण गाठायचं होतं. मी पुढं झालो. हळूच काहीतरी पुटपुटून मागं यायचा बेत होता. पण निवेदक तत्पर. त्यानं माझ्या तोंडापुढं माईक धरला. आणि माझा आवाज घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला:

“अण्णा, तुमच्या गाडीचा मागचा आवाज मी घालवून देतो. डिफरन्शियल नवीन बसवतो. काळजी सोडा.”

वाक्य संपतंय तोच कावळा आला. एकटा, सरळ, कुणाकडं न बघता. पिंडावर असा बसला की भाताची शितं उडाली.

गर्दीतून मोठा सुस्कारा निघाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तुमच्या भावानं मला मिठी मारली. एक पुढारी जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “साडू असावा तर असा!” कुसुमताईंनी घरी गेल्यावर गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. आणि मी ती घेतली, अण्णा. तुमची इच्छा म्हणून जे सगळ्या घाटाला ऐकवलं ती तुमची इच्छा नव्हतीच. ती माझी बाजू होती. तुम्हाला तो गोळा उचकटायचाच नव्हता. जिवंतपणी मला जो वाद जिंकता आला नाही, तो मी तुम्हाला बोलता येईना तेव्हा, माईकवरून, कावळ्याला पंच करून जिंकलो. आणि वर शाबासकी घेतली. या लाजेला काय नाव द्यायचं मला सुचत नाही. चोरी केली असती तर निदान काहीतरी हाती लागलं असतं.

त्यानंतर गाडी आमच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती. पल्लवीचा फोन यायचा, “काका, झालं का काम? मला हिंजवडीला न्यायला बरी पडेल.” मी पार्ट मिळत नाही म्हणायचो. चाकणमध्ये नोकरी करून अ‍ॅक्सलचा पार्ट मिळत नाही! मुलगी हुशार, तिनं फक्त “बरं” म्हटलं. खरं तर मला उघडायची भीती वाटत होती. म्हणून म्हटलं, आधी तेल बघू. तेल स्वच्छ निघालं तर अण्णांचा टायर खरा, गोळ्याला हात लावायची गरज नाही, झाकली मूठ. तेच बघायला गाडीखाली गेलो, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

भोसरीच्या रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी गोल झालेल्या बोल्टावर दुसरा नट वेल्ड करून तो काढला, बोटानं आतलं तेल चोळून बघितलं आणि मला विचारलं, “साहेब, दोन रस्ते आहेत. नवं तेल भरून देतो, वाजत वाजत चालेल, किती दिवस ते विचारू नका. नाहीतर खोलतो. पण खोललं तर जोडी बदलायची, एक जुनं एक नवं चालत नाही. बोला.”

मी “उद्या सांगतो” म्हणालो आणि स्कूटर काढून मोशीला गेलो.

कुसुमताई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी पाणी प्यालो, हवेवर बोललो, पल्लवीची चौकशी केली. मग ज्या वेगानं खालचा बोल्ट खोलला होता त्याच वेगानं सगळं बाहेर काढलं. “ताई, ती अण्णांची इच्छा नव्हती. ते उलट म्हणायचे. मी घाटावर खोटं बोललो.”

त्यांनी मेथीची काडी मोडली. “मला म्हाईत न्हाई व्हय?”

“म्हणजे?”

“अवो भास्करराव, त्या टायरपायी आमच्या घरात किती येळा जेवण गार झालंय. तुमी गेल्यावर बी ते एकटेच भांडत बसायचे, तुमचं बोलणं बी तेच बोलायचे, तुमच्या आवाजात. मला न्हाई कळणार? तुमी माईकवर बोललात तवाच मी नंदाचा हात दाबला.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“कावळा बसला व्हता की. त्याला उठवू व्हय?”

मी मेथीची एक जुडी उचलली. म्हणालो, “पण ताई, खोटं बोलल्यावरच कसा बसला तो?”

त्या हसल्या. दहाव्यानंतर पहिल्यांदा असाव्यात, कारण हसताना त्यांनाच दचकल्यासारखं झालं. “त्यात काय कसा? भावानं काय सांगितलं, पोरीनं काय सांगितलं, त्यात ह्यांना भांडण्यासारखं काय व्हतं? तुमी उलटं बोललात आन्‌ आले धावत. वाद घालायला आले व्हते ते. भात खायला न्हाई.”

अण्णा, माझ्या हातून मेथीची जुडी पडली. मी निवडत नव्हतो, नुसती धरली होती. पण पडली.

“आता गाडीचं काय करू?” मी विचारलं.

“पोरगी रोज हिंजवडीला ती घिऊन जाणार. वाटंत मागची चाकं जाम झाली तर?”

“होऊ शकतात.”

“मग इचारता काय? वाद तुमच्या दोघांचा. गाडीत बसणार पोरगी. खोला.”

तर खोलला. रफिकभाईंनी गाडी ओढून भोसरीला नेली आणि दोन्ही दातेरी चाकं चिंधीवर काढून ठेवली. दातांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. कारखान्यात असला माल मी लांबूनच रिजेक्ट केला असता. पण हात लावून बघितलं, तर दोघांचे दात जिथं झिजलेत तिथं बरोबर एकमेकांच्या मापानं झिजलेत. ‘घासून घासून बसल्यात’ असं तुम्ही म्हणायचात ते आठवलं. तुमचं चुकलं होतं. पण अगदीच अडाण्यासारखं चुकलं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. सांगायची वेळ आली असती तर दुसरं काहीतरी खुसपट काढलं असतं.

नवी जोडी बसली. काल आम्ही गाडी आणली. पल्लवी चालवत होती, मी शेजारी, मागं कुसुमताई आणि नंदा. भोसरी सोडून नाशिक रस्त्याला लागलो, वेग वाढला. मी सवयीनं मान तिरकी करून कान मागं लावला. रेस दिली, काही नाही. पाय काढला, काही नाही. गुळगुळीत डांबरावर गाडी अशी चालली की मला माझा श्वास ऐकू यायला लागला. इतकी वर्षं मी या शांततेसाठी तुमच्याशी भांडलो आणि ती मिळाल्यावर तिचं काय करायचं मला कळेना. खिडकीतून उडी मारावी असं वाटत होतं.

मग एके ठिकाणी डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागला. आणि मागून आवाज आला. बारीक. घूं. मी ताठ बसलो. “पल्लवी, रेस दे.” आवाज चढला नाही. “पाय काढ.” उतरला नाही. पुन्हा डांबर आलं, आवाज गेला. सिमेंट आलं, आवाज आला. रेसशी काही संबंध नाही, रस्त्याशी आहे. ऐकायचा पगार घेणाऱ्या माणसाला आणखी काय पुरावा पाहिजे?

मागून कुसुमताईंनी विचारलं, “काय वो, ऐकू येतंय काय?”

मी म्हणालो, “टायर हाय, ताई.”

तुमच्याच चालीत निघालं ते तोंडातून. पल्लवीनं एकदम माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मागून कुसुमताईंनी पदरात नाक पुसल्याचा आवाज आला.

म्हणजे दोन्ही वाजत होतं अण्णा. गोळा पण आणि टायर पण. तुमचा सूर माझ्या सुराखाली तेव्हापासून होता. मला तो कधी ऐकू आला नाही, कारण तुम्ही ‘टायर’ म्हटलंत की मी ऐकणं बंद करायचो. कंपनीत हे कळलं तर मला खोलीतून बाहेर काढतील. तुम्ही एवढं करा, कुठं बोलू नका. आणि म्हाताऱ्याला आणलंत त्याबद्दल, शेजारी झोपू दिलंत त्याबद्दल, चाकण चौकात दमलेले असताना माझी वाट बघत थांबलात त्याबद्दल जे म्हणायचं राहिलं, ते आता कुठल्या माईकवर म्हणू? टायर मात्र मी बदलणार नाही. पल्लवी म्हणते अजून वर्षभर चालतील.

रात्री जेवणं झाल्यावर नंदाला मी हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. घाटावरचं खोटं, तेलातली चमक, परातीपाशी झालेला आनंद, सगळं. ती राख आणि लिंबू घेऊन तीच परात घासत होती. मधे एकदाही थांबली नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं परात नाकाजवळ नेली, वास घेतला, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाली,

“झालं? मग आता एक काम करा. तुमच्या दहाव्याला काय कबूल करायचं ते मला आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर कुणीतरी माईक घेईल, मनाला येईल ते बोलेल, आणि तुम्ही याल तरातरा भांडायला. आणि तुमच्याशी भांडायचं म्हटलं तर आता मी एकटीच उरलेय.”